पिढीजात सन्मानाचीं मंडळें आणि वंशावळींचा पुरावा

पूर्वजांच्या थोरवीचा वारसा सांगणाऱ्या मंडळांचा इतिहास हा वरवर पाहतां करमणुकीचा विषय वाटतो. परंतु जुन्या कागदांचा संग्रह करणारास तो तसा वाटून चालणार नाहीं. आमच्या हातीं येणाऱ्या कागदांपैकीं फार मोठा भाग अशाच वारसा सांगण्याच्या गरजेंतून लिहिला गेला, जपला गेला, आणि प्रसंगीं बदलला गेला. अमुक पुरुषाचा मी वंशज, सबब अमुक मान माझा, हें ज्यास सिद्ध करावयाचें असतें तोच वंशावळ लिहवितो. ज्यास कांहींच सिद्ध करावयाचें नसतें त्याच्या घरीं ती क्वचितच सांपडते. म्हणून वंशावळ हा पुरावा समजावा कीं दावा समजावा, हा प्रश्न प्रत्येक संग्राहकापुढें उभा राहतो. निरनिराळ्या आडनांवांचीं कुलमंडळें व कुलसंमेलनें आज भरत आहेत, त्यांच्याकडून कुलवृत्तान्त छापले जात आहेत, आणि त्यांसाठीं घरोघरच्या दप्तरांस मागणीही आहे. अशा वेळीं या प्रकारच्या मंडळांचें मूळ काय, त्यांनीं कोणते कागद उजेडांत आणले व कोणते अंधारांत ठेवले, हें तपासून पाहणें उचित होईल.

अशा मंडळाचें अगदीं निर्भेळ रूप पाहावयाचें असेल तर तें राजेरजवाड्यांच्या देशांत न पाहतां, राजा झुगारून दिलेल्या देशांत पाहावें. अमेरिकेंतील तेरा वसाहतींचें इंग्लंडशीं युद्ध संपत आलें असतां, १७८३ च्या मे महिन्यांत, वॉशिंग्टनच्या सैन्यांतील अधिकाऱ्यांनीं हेन्री नॉक्स याच्या पुढाकारानें 'सोसायटी ऑफ दि सिन्सिनाटी' नांवाचें मंडळ स्थापन केलें. नांगर सोडून रणांत गेलेल्या व संकट टळतांच पुन्हां नांगराकडे परतलेल्या सिन्सिनेटस या रोमन पुरुषाचें नांव मंडळास दिलें होतें. प्रत्येक अधिकाऱ्यानें एक महिन्याचा पगार निधीस द्यावा व त्यांतून गरजू सोबत्यांच्या कुटुंबांस साह्य व्हावें, हा हेतु स्तुत्यच होता. परंतु सभासदत्व वडील मुलाकडे, त्याच्यामागें त्याच्या वडील मुलाकडे, आणि वंश खुंटल्यास योग्य अशा भाऊबंदाकडे जावें, असाही नियम केला गेला. नांगराकडे परतणाऱ्याच्या नांवानें निघालेलें मंडळ अशा रीतीनें वतनाच्या वाटेस लागलें.

त्यावर मोठा गहजब झाला. दक्षिण कॅरोलिनाचा न्यायाधीश एडेनस बर्क यानें त्याच वर्षीं पुस्तिका काढून, हे लोक पुढें देशाचा सरदारवर्ग होऊन बसतील, असा इशारा दिला. जेफर्सन यानें वॉशिंग्टन यास पत्र लिहून आपली नापसंती कळविली. १७८४ च्या बैठकींत, खुद्द वॉशिंग्टन अध्यक्ष असतां, वंशपरंपरेचा नियम काढून टाकावा असें ठरलें. परंतु प्रांतोप्रांतींच्या शाखांनीं त्यास एकमुखानें संमति दिली नाहीं, आणि नियम राहिला तो आजतागाईत चालू आहे.

या वादांत सर्वांत मार्मिक टीका बेंजामिन फ्रँकलिन याची होती. १७८४ च्या जानेवारींत आपल्या कन्येस लिहिलेल्या पत्रांत त्यानें सरळ गणित मांडलें. मुलगा हा बापाच्या कुळाचा अर्धाच, नातू चौथाई, याप्रमाणें नऊ पिढ्यांनंतर जो मनुष्य मूळ पुरुषाच्या नांवावर मान मागेल त्याच्यांत त्या पुरुषाचा पांचशें बारावा हिस्सा उरेल, आणि त्या एका मनुष्याच्या घडणीस मधल्या पिढ्यांतील एक हजार बावीस स्त्रीपुरुष कारण झालेले असतील. त्या बाकीच्यांचें काय? त्याच पत्रांत चीन देशाचा दाखला देऊन तो म्हणतो कीं, तेथें एखाद्यानें थोर कृत्य केलें तर मान त्याच्या आईबापांस मिळतो, कारण त्यास तसें घडविण्याचें श्रेय त्यांचें. थोडक्यांत, मान वर चढावा, खालीं उतरूं नये, असें त्याचें म्हणणें.

हा विचार आमच्या धर्मशास्त्राशीं ताडून पाहण्याजोगा आहे. श्राद्धांत पिंड वर जातो, खालीं येत नाहीं. पिता, पितामह व प्रपितामह या तिघांचा नामोच्चार होतो, आणि त्यांच्या पलीकडचे पुरुष लेपभागी होतात. सापिंड्यही पित्याकडून सात व मातेकडून पांच पुरुषांपर्यंतच धरिलें आहे. म्हणजे पूर्वजांविषयींचें कर्तव्य सांगतांना शास्त्रकारांनीं मर्यादा घातली. मातेचा पक्षही सोडला नाहीं. कर्तव्यास ज्या शास्त्रानें सात पुरुषांची मर्यादा घातली, त्याच्याच आधारें दहाव्या व पंधराव्या पिढींतला मनुष्य मानाचा हक्क अमर्याद सांगूं लागतो, हें चमत्कारिक होय. 'वेणीसंहारा'च्या तिसऱ्या अंकांत कर्णास सूत म्हणून हिणविलें असतां तो जें उत्तर देतो त्याचा भावार्थही हाच कीं, जन्म दैवाच्या हातचा, पराक्रम तेवढा आपल्या हातचा.

सिन्सिनाटीचें मंडळ निदान प्रत्यक्ष लढलेल्या लोकांनीं काढलें होतें. पुढें शंभर वर्षांनीं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, अमेरिकेंत अशा मंडळांची एकच गर्दी उसळली. क्रांतियुद्धाच्या कन्यांचें मंडळ १८९० सालीं, वसाहतकालीन युद्धांचें मंडळ १८९२ सालीं, संस्थापक व देशभक्त यांच्या वंशजांचें मंडळ १८९६ सालीं निघालें. आणि त्याच १८९६ सालीं वसाहतींच्या गव्हर्नरांच्या वंशजांचेंही एक मंडळ स्थापन झालें. १७७६ मध्यें ज्या राजाचें जूं फेकून दिलें त्याच राजसत्तेखालीं अधिकार गाजविलेल्या पुरुषांचा वंश सांगण्यांत त्यांच्या पणत्यांस भूषण वाटूं लागलें! याचें कारण शोधणें कठीण नाहीं. त्या दशकांत दक्षिण व पूर्व युरोपांतून लक्षावधि नवे लोक अमेरिकेंत उतरत होते. जुन्या घराण्यांचें गांवोगांवचें वजन कमी होत होतें. तेव्हां आम्ही आधीं आलों, हें सांगण्याची निकड उत्पन्न झाली. हातांतील सत्ता ओसरूं लागली म्हणजे वंशावळीचा कागद बाहेर निघतो, हा नियम आम्हांस येथें स्पष्ट दिसतो; आणि तो आमच्याकडेही लागू पडतो कीं नाहीं, हें आतां पाहूं.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टन साहेबाच्या धोरणांत जुन्या सरदारांस एकाएकीं दुखवूं नये, हा मोठा भाग होता. त्या धोरणास १८२७ च्या एकोणतिसाव्या रेग्युलेशनानें कायद्याचें रूप आलें. दख्खनच्या कांहीं मातबर लोकांचे दिवाणी दावे सामान्य अदालतींत न चालतां 'सरदारांचा एजंट' या अधिकाऱ्यापुढें चालावे, असें ठरून त्यांच्या याद्या झाल्या, आणि त्यांत पहिला, दुसरा व तिसरा असे वर्ग पडले. वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ही यादी मूळची सन्मानाची नव्हे, ती अधिकारक्षेत्राची आहे. कोणाचा दावा कोठें चालावा एवढेंच तिचें काम. परंतु एकदां वर्ग पडल्यावर वर्गाचाच मान झाला. दरबारांतील बैठक, पत्रांतील मायना, यांचा क्रम त्या यादीवरून लागूं लागला; आणि जें घराणें पेशव्यांच्या वेळीं आपल्या पथकाच्या बळावर सरदार होतें तें आतां कारकुनाच्या यादीवरून सरदार ठरूं लागलें. पुढें १८९२ च्या कायद्यान्वयें वाढविलेल्या मुंबईच्या कायदेकौन्सिलांत दख्खनच्या सरदारांस एक प्रतिनिधि सुचविण्याचा अधिकार मिळाला, आणि १९१९ च्या सुधारणांनंतर सरदार व इनामदार यांचा मतदारसंघच झाला. वंशपरंपरेनें सभासद, सरकारनें ठरविलेले वर्ग, आणि त्याबद्दल राज्यकारभारांत एक जागा: मंडळ हें नांव नसलें तरी लक्षणें सगळीं मंडळाचीं आहेत.

या व्यवस्थेची दुसरी बाजू आमच्याच जिल्ह्यांतील एका घराण्यानें भोगली आहे. कान्होजी आंग्रे १७२९ सालीं वारले. त्यांच्या पराक्रमाविषयीं येथें लिहिण्याची गरज नाहीं. त्यांच्या वंशांतील दुसरे रघोजी १८३८ च्या अखेरीस निवर्तले. त्यांच्या पश्चात् जन्मलेला मुलगाही अल्पावधींतच गेला. दत्तक घेण्याची परवानगी मागितली असतां कंपनी सरकारानें ती नाकारली, आणि १८४० सालीं कुलाबा संस्थान खालसा झालें. सातारचें राज्य याच न्यायानें जाण्यास अद्याप आठ वर्षें अवकाश होता. धर्मशास्त्राप्रमाणें दत्तक हा पुत्रच. तो पिंड देतो, धन घेतो, वंश चालवितो. परंतु वंशज कोणास म्हणावें हें आतां शास्त्र ठरवीत नव्हतें, मुंबईचें कौन्सिल ठरवीत होतें. ज्या हातानें दख्खनच्या सरदारांची यादी लिहिली त्याच हातानें कुलाब्याचें नांव खोडलें. म्हणून जेव्हां कोणी सरकारी यादींतील वर्ग दाखवून आपल्या कुळाची थोरवी सांगतो, तेव्हां त्यास आम्ही आंग्र्यांचें उदाहरण दाखवितों. त्या यादींत असणें म्हणजे थोर असणें नव्हे; त्या वेळच्या सत्तेस गैरसोयीचें नसणें, एवढाच पुष्कळदां तिचा अर्थ.

आतां कागदांकडे वळूं. सन १९०८ मध्यें गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेला कैफियती व याद्या यांचा संग्रह पुरुषोत्तम विश्राम मावजी व दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनीं छापून प्रसिद्ध केला. मराठी राज्यांतील मुख्य घराण्यांची माहिती ज्यांस हवी त्यांस हा संग्रह अद्याप टाळतां येत नाहीं. संपादकांचे उपकार मोठे आहेत. तथापि त्याचा उपयोग करणारे पुष्कळ लेखक कैफियत या शब्दाचा अर्थ विसरतात, हें आम्हांस स्पष्ट सांगितलें पाहिजे. कैफियत म्हणजे इतिहास नव्हे. विचारणा झाल्यावर पक्षकारानें दिलेलें निवेदन होय. इंग्रजी अंमल बसल्यावर घराण्याघराण्यांस आपले सरंजाम, इनामें व नेमणुका कशा मिळाल्या हें सांगावें लागलें. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनाचे हात बळकट झाल्यावर तर या सांगण्यावर चरितार्थच अवलंबून राहिला. अशा वेळीं मूळ पुरुष शक्य तितका जुना, सनद शक्य तितकी थोर हातची, आणि सेवा शक्य तितकी अखंड दाखविणें हा मनुष्यस्वभाव आहे. त्यांत लबाडीच असते असें नाहीं. पण निवड निश्चित असते. पराभव, फितुरी, दंड, भाऊबंदकी आणि कर्ज या पांच गोष्टी कैफियतींत शोधून सांपडावयाच्या नाहींत.

रियासतकार सरदेसाई यांचा ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळींचा ग्रंथ १९५७ सालीं, त्यांच्या उतारवयांत, प्रसिद्ध झाला. पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग ज्यांनीं १९३० ते १९३४ या अवधींत काढले त्यांच्याच हातचें हें काम. तेव्हां त्यांतील नांवांची व सालांची उपयुक्तता वादातीत आहे. मेजावर ठेवण्यास त्याहून सोईचें पुस्तक आम्हांस माहीत नाहीं. परंतु वंशवृक्षाच्या आकृतींतच एक दोष अंगभूत आहे. वृक्ष काढतांना पुरुषापासून पुरुष निघतो. लेकी गळतात, सुना गळतात, दत्तकाचें मूळ घर गळतें, आणि निर्वंश झालेली शाखा एका आडव्या रेघेनें संपते. अमेरिकेंतील ज्या मंडळांस आम्ही वर नांवें ठेविलीं त्यांपैकीं कित्येक तर स्त्रियांनींच चालविलीं, आणि मातेकडून आलेला वंशही त्यांत ग्राह्य धरला गेला. आमच्या कुलवृत्तान्तांत कन्या अमुक गांवच्या अमुकास दिली, एवढ्यावर तिचा इतिहास आटोपतो. फ्रँकलिनच्या गणितांतल्या एक हजार बावीस माणसांपैकीं निम्म्या स्त्रिया होत्या, हें विसरून लिहिलेला वृत्तान्त कुळाचा नव्हे, आडनांवाचा होय.

मग विश्वास ठेवावा कोणत्या कागदावर? आमचें उत्तर असें कीं, ज्या कागदांत दोन पक्ष बोलतात त्यावर. मराठी अमदानींत वतनाचा वाद पडला म्हणजे वादी व प्रतिवादी आपापला करीना किंवा तकरीर लिहून देत, साक्षी होत, कधीं दिव्यही होई, आणि गोतसभेपुढें निवाडा होऊन महजर अथवा निवाडपत्र लिहिलें जाई. त्यांत हरणाऱ्याचें म्हणणेंही नमूद असतें. थोरल्या शाखेचा मान कोणाचा, या भांडणांत भाऊबंदांनीं एकमेकांच्या वंशावळींतील जीं छिद्रें दाखविलीं आहेत तीं दाखविण्याचें धैर्य आजच्या कोणत्याही कुलमंडळास होणार नाहीं.

महजराचें शेवटचें अंग तर आमच्या मतें सर्वांत मोलाचें. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्या नांवांनंतर तेथें बलुतेदारांच्या निशाण्या येतात: कुणब्याचा नांगर, सुताराचें किंकरें, चांभाराची आरी, न्हाव्याचा आरसा, परिटाची मोगरी. हे लोक लिहिणारे नव्हते. पण त्यांच्या साक्षीवांचून वतनदाराचें वतन शाबीत होत नव्हतें. अमुक हा अमुकाचा नातू, हें गांवच्या न्हाव्यास व महारास ठाऊक होतें म्हणून तें खरें ठरलें. ज्यांच्या निशाण्यांनीं थोरांच्या वंशावळींस खरेपणा आला त्यांची स्वतःची वंशावळ कोणी लिहिली नाहीं. आणि खेदाची गोष्ट अशी कीं, घराण्याचा इतिहास छापतांना महजराचा मजकूर घेतला जातो व खालच्या निशाण्या 'वगैरे साक्षी' म्हणून गाळल्या जातात. संपादनाच्या दृष्टीनें हा अपराध होय. निशाण्या गाळलेला महजर म्हणजे सही कापलेला दस्तऐवज.

आमचें अष्टमी गांव कुंडलिकेच्या उत्तर तीरावर, रोह्याच्या समोर आहे. १६७४ सालीं राज्याभिषेकाच्या प्रसंगीं इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडास गेला तो चौलाहून पाण्याच्या वाटेनें याच गांवीं येऊन पुढें निजामपुरावरून गेला. त्याच्या वृत्तान्तांत गांवाचें नांव 'एस्थेमी' असें विद्रूप होऊन आलें आहे. वकिलाचें नांव राहिलें, दुभाषी नारायण शेणवी याचें नांव राहिलें. होडी वल्हविणाऱ्यांचीं व ओझीं वाहणाऱ्यांचीं नांवें कोणी टिपलीं नाहींत. त्यांचे वंशज या दोन तीरांवर आजही असतील. त्यांचें मंडळ निघणें शक्य नाहीं, कारण त्यांच्यापाशीं कागद नाहीं. एवढ्यावरून त्यांचा इतिहास नाहीं असें मात्र कोणी म्हणूं नये. याच जिल्ह्यांत, अलिबाग तालुक्यांतील चरी येथें, नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं शेतकऱ्यांनीं १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या जमिनी कसण्याचें नाकारलें. १९३७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें बिल आणलें. आणि १९४९ च्या कायद्यानें खोती गेली. परगणा व कुलकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें, आणि वैयक्तिक इनामें १९५२ च्या कायद्यानें संपलीं. त्याआधींच घटनेच्या अठराव्या कलमानें किताबांस रजा दिली होती.

वतनें गेल्यापासून वंशावळीस चरितार्थाचें प्रयोजन उरलें नाहीं. संशोधकाच्या दृष्टीनें ही इष्टापत्ति होय. कारण आतां खोटें लिहिण्याचें कारणही उरलें नाहीं. तरीही खोटें लिहिलें जातें, आणि तें केवळ मानासाठीं. रोहे-अष्टमीच्या भूमीनें अलीकडच्या काळांत ज्यांचा अभिमान बाळगावा असे दोन पुरुष पाहिले: डॉ. चिंतामणराव देशमुख, जे १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, आणि १९२० सालीं रोह्यास जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले. या दोघांचें नांव घेतांना त्यांचा बारावा पूर्वज कोण हें कोणी विचारीत नाहीं.

बारा पिढ्यांचा उल्लेख आला म्हणून फ्रँकलिनचें गणित आपल्याकडे लावून पाहूं. राज्याभिषेकास साडेतीनशें वर्षें झालीं. पिढीस सुमारें एकोणतीस वर्षें धरलीं तर बारा पिढ्या होतात, आणि बाराव्या पिढीस पूर्वजांच्या जागा चार हजार शहाण्णव भरतात. पण आमच्याकडे विवाह जातींत व बहुधा जवळच्या तालुक्यांत होत असल्यानें तितकीं निराळीं माणसें असणें शक्य नाहीं. तींच तींच घराणीं फिरून फिरून येतात. याचा अर्थ असा कीं, शिवकालीन एखाद्या कर्त्या पुरुषाचा वंश जर टिकला असेल, तर लेकींच्या वाटेनें तो त्या भागांतील त्या जातीच्या बहुतेक घरांत पोंचला असला पाहिजे. जो मान सर्वांचा आहे तो एका आडनांवाच्या मंडळानें आपल्यापुरता राखून ठेवणें हें गणितासही धरून नाहीं.

संग्राहकांच्या उपयोगासाठीं वंशावळ पारखण्याच्या कांहीं कसोट्या येथें देतों. पहिली कसोटी पिढ्यांची. साडेतीनशें वर्षांत सातच पुरुष दाखविले असतील तर मधलीं नांवें गळलीं आहेत. वीस दाखविले असतील तर भाऊ हे बापलेक म्हणून एकाखालीं एक लिहिले गेले आहेत. दुसरी कसोटी कालाची. शक, संवत्सराचें नांव, तिथि व वार हीं एकमेकांशीं जुळलीं पाहिजेत. शके १५९६ म्हटलें कीं आनंद संवत्सरच आलें पाहिजे. सुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळविले असतां इसवी सन निघतो, म्हणून राज्याभिषेकाच्या दिवसाचा सन खमस सबैन अलफ, म्हणजे १०७५ हा होय. त्याआधींच्या म्हणून दाखविलेल्या पत्रांत राज्याभिषेक शक असेल तर तें पत्र पुढें वाचण्याचे श्रम घेऊं नयेत. तिसरी कसोटी कागदाची. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागदाची वीण व विलायती कागदांतील पाण्याची खूण या उजेडासमोर धरतांच कळून येतात. खुणेंत एकोणिसाव्या शतकाचें साल असून मजकूर शाहू महाराजांच्या वेळचा असेल तर ती फार तर नक्कल होय. नक्कल म्हणजे बनावट नव्हे. पण तिला अस्सल म्हणूं नये. चौथी कसोटी प्रयोजनाची. हा कागद कोणी, कोणापुढें, काय मिळविण्यासाठीं लिहिला, हें टिपल्यावांचून कोणतीही वंशावळ सूचींत दाखल करूं नये.

इतकें कठोर लिहिल्यावर दुसरी बाजूही सांगणें न्यायाचें आहे. पिढीजात अभिमानानें इतिहासाची सेवा केलीच नाहीं, असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. ज्या सिन्सिनाटीच्या मंडळावर एवढी टीका झाली त्याच्याकडे वॉशिंग्टन शहरांतील अँडरसन हाऊस ही वास्तु १९३८ सालीं आली, आणि तेथें क्रांतियुद्धाच्या ग्रंथांचा व हस्तलिखितांचा मोठा संग्रह अभ्यासकांसाठीं ठेविलेला आहे. आमच्याकडे १९१० सालीं राजवाडे यांनीं भारत इतिहास संशोधक मंडळ उभारलें तेव्हां त्यांच्या जोडीला सरदार खंडेराव मेहेंदळे होते. आणि राजवाड्यांनीं १८९८ पासून साधनांचे जे खंड काढले ते घरोघरच्या मालकांनीं दप्तरें सोडलीं म्हणूनच निघूं शकले. आजोबांचे कागद म्हणून ज्यानें ते वाळवीपासून राखले तो अभिमानीच होता. उदासीन मनुष्याच्या घरचे कागद चुलींत किंवा वाण्याच्या पुड्यांत गेले. तेव्हां अभिमान नको असें आमचें म्हणणें नाहीं. त्या अभिमानानें दप्तर उघडावें कीं बंद करावें, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आणि येथेंच आमची खरी तक्रार आहे. कुलवृत्तान्ताची तयारी चालू असतां दप्तरांतील गौरवाचे कागद वेगळे काढले जातात, त्यांच्या प्रती होतात, चौकटींत बसवून ते भिंतीवर लागतात. आणि कर्जरोखे, फारकती, गहाणखतें, दंडाचे हुकूम, भाऊबंदांच्या तकरारी, कुळांच्या खंडाच्या याद्या हे कागद कामाचे नाहींत म्हणून रुमालांतून बाजूला पडतात. एकदां रुमाल फुटला कीं कागदाचें मूळ स्थान गेलें, आणि स्थान गेलें कीं त्याची निम्मी साक्ष गेली. गौरवाच्या पत्रांतून जो इतिहास कळतो तो बहुधा आधींच छापलेला असतो. सतराव्या व अठराव्या शतकांतील कोंकणचा शेतसारा, भाताचा भाव, बंदरची जकात, खलाशांची मजुरी, स्त्रीधनाची यादी हें जें अद्याप कळावयाचें आहे तें त्या टाकाऊ समजलेल्या कागदांत आहे. एखाद्या कुळाचा मान राखण्यासाठीं एका तालुक्याचा इतिहास नाहींसा व्हावा, हा व्यवहार फार तोट्याचा आहे.

म्हणून कुलमंडळांच्या चालकांस आमची सूचना अशी. वृत्तान्त छापण्यापूर्वीं दप्तराचे रुमाल जसे बांधलेले असतील तसेच ठेवून, प्रत्येक कागदास अनुक्रमांक देऊन, गौरवाचा व नाचक्कीचा असा भेद न करितां संपूर्ण यादी करावी. तिची एक प्रत एखाद्या संशोधनसंस्थेकडे द्यावी, आणि शक्य असेल तेथें कागदांच्या छायाप्रतीही द्याव्या. महजर छापावा तो निशाण्यांसह. वंशवृक्षांत लेकींचीं, सुनांचीं व दत्तकाच्या जनक घराण्याचीं नांवें जेथें मिळतील तेथें घालावीं, आणि जेथें पिढी तुटते तेथें कल्पनेनें सांधा न जोडतां जागा मोकळी सोडावी. संशोधकांनींही मंडळाच्या आग्रहास्तव वंशावळीवर अभिप्राय देतांना, मूळ कागद पाहिल्याशिवाय 'अस्सल' हा शब्द लिहूं नये. हीं पथ्यें जें मंडळ पाळील त्याच्या वृत्तान्ताचें परीक्षण करण्यास आम्ही आनंदानें तयार आहों. तो घराण्याच्या कपाटांत न राहतां इतिहासाच्या कामीं येईल.